तक को कोंग ची : हाती उरलं एकच अक्षर

कौलूनचा_कारकून

मंडळी, मागच्या रविवारी माझा चारचौघांत अपमान झाला आणि तो समजायला मला एक अख्खा दिवस लागला. त्याचीच ही हकीकत.

मी हाँगकाँगला शाम शुई पो भागात एका जुन्या इमारतीत भाड्याने राहतो. उन्हाळ्यात इथे घरोघरी एकच तंटा असतो. वरच्याच्या एसीचं पाणी खालच्याच्या पत्र्यावर टपटप पडतं आणि खालच्याची झोप उडते. आमच्याकडे पाच मजल्यांचं पाणी एकमेकांवर पडत होतं, म्हणून तळमजल्यावर पत्रपेट्यांसमोर बैठक भरली. मी इंजिनियर माणूस, तयारीनिशी गेलो. कुठल्या मजल्याचं पाणी कुठे जातं, नळीला उतार किती हवा, हवेतली आर्द्रता किती, सगळ्याच्या आकृत्या काढून नेल्या होत्या. अर्ध्या इंग्रजीत आणि अर्ध्या मोडक्या कँटोनीजमध्ये वीस मिनिटं बोललो.

दुसऱ्या मजल्यावर एक फो-फो राहतात. इथे आजीच्या वयाच्या बाईला अशीच हाक मारतात. ऐंशीच्या पुढे वय. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून त्या सगळं ऐकत होत्या. माझं संपल्यावर शांतपणे म्हणाल्या, "तक को कोंग ची."

सगळे हसले, मीही हसलो. 'कोंग' म्हणजे बोलणे आणि 'ची' म्हणजे अक्षर एवढंच मला ठाऊक. वाटलं, पोरगा अक्षर न् अक्षर स्पष्ट बोलतो असं कौतुक चाललंय. मी वाकून आभारसुद्धा मानले!

सोमवारी ऑफिसातल्या सहकारणीला मोठ्या हौसेने सांगितलं. ती चहाचा कप खाली ठेवून हसत सुटली. 'तक' म्हणजे 'मिळालं', पण 'एवढंच मिळालं' या अर्थाने. 'को' म्हणजे एक नग. म्हणजे एवढं सगळं होऊन पदरात काय पडलं, तर 'बोल' हे एक अक्षर. काम नाही, काही नाही, फक्त क्रियापद. याचा साचाच आहे म्हणे. दुकानाच्या काचेमागची न परवडणारी वस्तू असेल तर 'तक को थाय ची', म्हणजे 'बघ' हे अक्षर तेवढं आपलं.

उच्चाराबद्दल एक गोष्ट. इंग्रजीत हे सगळं ग, द, झ असल्यासारखं लिहितात, पण कँटोनीजमध्ये ते आपले क, त, च असतात. क आणि ख, त आणि थ यांतला फरक तिथे महत्त्वाचा आणि आपल्याला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला. 'ची'मधला च 'चाक', 'चूल'मधला. सूर सहा आहेत आणि त्यांत मी रोज नापास होतो, ते वेगळं.

तर विचारायचं होतं, मराठीत याच्या सगळ्यात जवळचं काय? मला पहिल्यांदा 'बोलाचीच कढी, बोलाचाच भात' आठवलं. पण तिथे निदान कढी आणि भात तरी आहे, इथे तर व्याकरण सोडून हातात काहीच नाही.

खवचट_काकू

बोलण्यापेक्षा कृती करा असं सांगणाऱ्या म्हणीवर धागा काढलात! आता इथे दोनशे प्रतिसाद पडतील आणि एसी टपकत राहील. (हा विनोद कुणीतरी करणारच होतं, मी उरकून टाकला. आता कामाचं बोला.)

माझ्या मते 'उंटावरून शेळ्या हाकणे'. तुम्ही आकृत्यांच्या उंटावर बसला होतात.

निवृत्त_ओव्हरसियर

काकू, उंटावरचा माणूस आळशी असतो, त्याला खाली उतरायचं नसतं. धागाकर्त्याने निदान घाम गाळून आकृत्या काढल्यात. त्यांना 'तोंडपाटीलकी'ही लागू नाही, कारण त्यात दुसऱ्यावर हुकूम सोडणं येतं.

पस्तीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढल्यावर मी 'कागदी घोडे नाचवणे' याला मत देतो. आमच्याकडे एकेक घोडा असा नाचायचा की वऱ्हाडातल्या वरातीतल्या घोड्याने मान खाली घालावी.

शब्दवेडी

वा, छान धागा! ओव्हरसियरकाका, तुमचे कागदी घोडे चीनमध्येही आहेत. 'कागदावर सैन्याच्या गप्पा' अशी चार अक्षरांची म्हण आहे, कँटोनीजमध्ये 'ची सोंग थाम पिंग'. ही मुळात कँटोनीज नव्हे, सगळ्या चिनी भाषांची सामाईक. पण मला दोन्हींत एक फरक वाटतो. आपला कागदी घोडा सरकारी आहे, तो या टेबलावरून त्या टेबलावर जातो. चिनी कागदावर लढाई चाललेली असते. आपल्याला कारकून खुपला, त्यांना सेनापती.

कारकूनराव, फो-फोंनी ही म्हण का नाही वापरली?

कौलूनचा_कारकून

सहकारणीला विचारलं. म्हणाली, चार अक्षरी म्हण शाळेच्या निबंधात शोभते. पत्रपेट्यांसमोर आजी असं बोलत नाहीत.

अर्धवटराव

त्या सेनापतीची गोष्ट कुणीतरी सांगा की. मला फक्त 'पुस्तकी पंडित लढाई हरला' एवढंच माहीत आहे.

बखरवाला

सांगतो, थोडी लांबेल.

इसवी सनपूर्व २६२ ते २६०, छांगपिंगची लढाई. आजच्या शान्शी प्रांतात. एका बाजूला छिन राज्य, दुसऱ्या बाजूला चाओ (वर्तमानपत्री मराठीत झाओ). चाओचा म्हातारा सेनापती ल्यान फो तटबंदी करून बसला होता. शत्रू डिवचतोय आणि हा बाहेरच येत नाही. छिनच्या हेरांनी अफवा पेरली, 'आम्ही त्या म्हाताऱ्याला भीत नाही, चाओ ख्वोला सेनापती केलं तर मात्र आमचं कठीण आहे.' चाओचा राजा आधीच म्हाताऱ्यावर चिडलेला. त्याने चाओ ख्वोला नेमलं.

हा चाओ ख्वो थोर सेनापतीचा मुलगा. लहानपणापासून युद्धशास्त्र पाठ. बापाशी वाद घालायचा आणि बापाला त्याला हरवता यायचं नाही. तरी बाप त्याला चांगला म्हणेना. बायकोने कारण विचारलं तेव्हा बाप म्हणाला, युद्ध ही मरणाची जागा आहे आणि हा त्याविषयी सहज बोलतो.

हे पुन्हा वाचा. पोरगा चूक बोलतो असं बाप म्हणतच नाही. सहज बोलतो ही त्याची तक्रार आहे.

नेमणूक झाल्यावर चक्क आईने राजाला लिहिलं की माझ्या मुलाला पाठवू नका. तिची कारणं फार घरगुती आहेत. नवऱ्याला राजाकडून बक्षीस मिळालं की तो ते हाताखालच्या माणसांत वाटून टाकायचा. मुलगा मिळालेलं सोनं घरी नेऊन ठेवतो आणि कुठे स्वस्तात शेत नाहीतर घर मिळतंय का ते रोज बघतो. राजा ऐकेना. तेव्हा तिने लिहून घेतलं की तो हरला तर मला शिक्षा नको. राजाने शब्द दिला आणि पाळला.

छिनने इकडे गुपचूप आपला सगळ्यात खतरनाक सेनापती पाइ छी आणला. त्याचं नाव फोडणाऱ्याला देहदंड. चाओ ख्वो तटबंदी सोडून चालून गेला, छिनचं सैन्य पळाल्यासारखं करत मागे सरलं, आणि बाजूंनी येऊन वेढा पडला. ४६ दिवस अन्न नाही. शेवटी स्वतः पुढे होऊन कोंडी फोडायला गेला आणि बाणांनी मेला. सैन्य शरण आलं. स्स-मा छ्येन हा इतिहासकार लिहितो की शरण आलेल्या चार लाखांना मारून टाकलं, फक्त २४० कोवळी पोरं परत पाठवली, बातमी सांगायला. आकडा अतिशयोक्त असावा असं आजचे बरेच अभ्यासक मानतात, पण १९९५ मध्ये त्याच भागात एका खड्ड्यात शंभराहून जास्त सांगाडे सापडले, त्यामुळे कत्तल खोटी म्हणता येत नाही.

अर्धवटराव

आईचं पत्र वाचून काटा आला. पोरगा फ्लॅट बघत हिंडतो हे कारण देऊन आई नेमणूक थांबवायला जाते!

एक बालिश शंका. इसवी सनपूर्व २६० मध्ये कागद होता का?

बखरवाला

हाहा, नव्हता. कागदाचं श्रेय परंपरेने छाय लुनला देतात आणि तो इसवी सन १०५ चा. चाओ ख्वोने जे काय वाचलं ते बांबूच्या पट्ट्यांवर. 'कागदावर सैन्याच्या गप्पा' हे शब्द स्स-मा छ्येनच्या ग्रंथात नाहीतच, ते खूप नंतर चिकटले. त्या काळचा शेरा वेगळा आहे आणि मला तो जास्त आवडतो. लिन श्यांग-रू नावाच्या मंत्र्याने राजाला सांगितलं की याला नेमणं म्हणजे तंतुवाद्याच्या घोड्या (तारा ज्यांवर टेकतात ते सरकते आधार) डिंकाने चिकटवून वाजवायला बसणं. बापाची पुस्तकं वाचता येतात, पण वेळ बदलली की सूर बदलता येत नाही.

सतारीचा_कान

जवारी काढणाऱ्या, म्हणजे सतारीची घोडी घासून आवाज नीट करणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. हवा दमट झाली की तारा उतरतात, दर मैफलीत नव्याने जुळवावं लागतं. चिकटवलेली घोडी एका दिवशी एकदम सुरेल लागेल, तीच तर गंमत. दुसऱ्या दिवशी कळेल काय झालंय ते.

निवृत्त_ओव्हरसियर

मी जरा पोराची बाजू घेतो. राजाला हल्लाच हवा होता, नाहीतर म्हाताऱ्याला काढलंच नसतं. दोन-तीन वर्षं एवढं सैन्य बसवून खायला घालायचं म्हणजे धान्याची कोठारं रिकामी. समोर पाइ छी आलाय हे लपवलेलं. मग दोष 'पुस्तकी' पोराचा का? ज्यांनी टेंडर काढलं ते मोकळे आणि साइट इंजिनियर निलंबित, असं आमच्या खात्यातही होतं.

बखरवाला

मान्य, निम्मं तरी. वेढा पडल्यावर छिनचा राजा स्वतः जवळच्या प्रांतात गेला, पंधरा वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना भरती केलं आणि चाओची रसद तोडली असं ग्रंथातच आहे. म्हणजे तिकडे अख्खं राज्य पणाला लागलं होतं. अशा वेळी अनुभवी माणूसही हरला असता कदाचित. पण एवढी मोठी हार पचवायला लोकांना एक नाव लागतं आणि बोलका माणूस त्यासाठी सोयीचा पडतो.

मराठवाडी_मिरची

हे सगळं लई भारी, पण विषय कँटोनीजचा होता ना? हे राजेरजवाडे उत्तरेतले. दक्षिणेतल्या माणसाच्या तोंडचं काय ते सांगा. कारकूनभाऊ, बाजारात काय म्हणतात?

कौलूनचा_कारकून

मिरचीताई, तुमच्यासाठी दोन दिवस मासळीबाजारापासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत वही घेऊन फिरलो. माल बराच जमलाय.

सगळ्यात आवडलेलं: 'ची चात हा फा, हाउ हेंग हेंग'. म्हणजे 'कागदी हनुवटी, तोंड हलकं हलकं'. हा कोड्यासारखा प्रकार आहे. पहिला अर्धा म्हणायचा आणि दुसरा ऐकणाऱ्याने ओळखायचा. माझ्या घराजवळ कागदी वस्तूंची दुकानं आहेत. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद वापरून घर, मोटार, नोकरचाकर, अगदी मोबाइल फोनसुद्धा बनवतात आणि मेलेल्यांसाठी जाळतात. धूर झाला की वस्तू त्यांना पोचली. त्या कागदी माणसाची हनुवटी कशी असेल? फुंकर मारली तरी हलेल. तर ज्याचा जबडा असा बिनवजनाचा, तो कुणालाही काहीही कबूल करतो. 'बघतो, करतो, उद्या होईल.'

दुसरं, 'चाय अप'. 'अप' म्हणजे बडबड. 'चाय' म्हणजे मुळात बौद्धांचं व्रताचं शाकाहारी जेवण, आणि त्यावरून 'बाकी काही नाही, नुसतं' असा अर्थ. दूध-साखर नसलेली कॉफी म्हणजे 'चाय फे'. म्हणून 'चाय अप' ही नुसती, बिनमासाची बडबड. नव्या आलेल्या मराठी माणसांना इशारा: इथे चहाला 'छा' म्हणतात. 'चाय' मागितलात तर उपास घडेल.

तिसरं पोरांच्या तोंडचं, यमक जुळलेलं: 'कोंग चाउ थिन हा मोउ तिक, चोउ चाउ याउ सम मोउ लिक'. बोलायला लागला तर त्रिभुवनात अजिंक्य, करायला लागला तर मन आहे पण बळ नाही.

खवचट_काकू

बोलताना बाजीराव, करताना 'पाहू राव'.

मराठवाडी_मिरची

काकू, दंडवत! 😂

शब्दवेडी

काकू, मानलं.

आणि 'तोंड हलकं' वर सगळ्यांनी थांबा जरा. बखरवाल्यांच्या गोष्टीतला बाप काय म्हणाला होता? 'हा सहज बोलतो.' तिकडे सहज, इकडे हलकं. बोलणं खोटं आहे किंवा ज्ञान निरुपयोगी आहे असं यातली एकही म्हण सांगत नाही. जबड्याला वजन नाही ही तक्रार आहे. मराठीत मला सगळ्यात जवळचं आता 'उचलली जीभ लावली टाळ्याला' वाटतंय. त्यातही जीभ उचलायला काही लागत नाही हेच दुखणं आहे.

धागाकर्त्यांवर ते बसतं का, हे मात्र त्यांचं त्यांनी ठरवावं.

मांडवीकाठ

'छा'वरून अवांतर. पश्चिम युरोपात बहुतेक जण चहाला 'ते', 'टी' असं म्हणतात, पोर्तुगीज मात्र 'शा' म्हणतात. कारण त्यांचा चहा मकाव या त्यांच्या चिनी किनाऱ्यावरच्या ठाण्यातून आला, कँटोनीज बोलणाऱ्यांकडून. आणि ते मकाव १८४४ पर्यंत कारभारात आमच्या गोव्याच्या हाताखाली होतं. आता गोव्यात बसून मकाववर राज्य करणं हे 'उंटावरून शेळ्या'चं सागरी रूप म्हणायचं का? हुकूम निघून तिथे पोचेपर्यंत पावसाळा उलटायचा.

चहावरून त्यांची एखादी म्हण असेलच.

कौलूनचा_कारकून

आहे! 'हाउ सोय तो क्वो छा'. चहापेक्षा थुंकी जास्त. चहाला बसलेला माणूस एवढा बोलतो की कपात काय पडलं असेल ते विचारू नका. बडबड्यासाठी वापरतात, प्रेमानेही.

फोर्टचा_फिरस्ता

वजनदार जबड्याचं एक उदाहरण आमच्या मुंबईचं देतो. होरमसजी मोदी, मुंबईचे पारशी, तरुणपणी हाँगकाँगला गेले आणि तिथेच मोठे व्यापारी झाले. गव्हर्नर लुगार्डच्या डोक्यात तिथे विद्यापीठ काढायचं होतं, पण पैसा नव्हता. मोदींनी इमारतीसाठी दीड लाख डॉलर देऊ केले. १९१० मध्ये पायाभरणीला हजर होते, १९११ मध्ये वारले, मुख्य इमारत उघडली १९१२ मध्ये. बघायला मिळाली नाही. चिम शा चोयला त्यांच्या नावाचा मोदी रोड आहे. कारकूनभाऊ, कधी गेलात तर फोटो टाका.

बखरवाला

फिरस्ते, त्याच शहरात डॉक्टरी शिकलेल्या माणसाकडे येतो, कारण त्याच्याशिवाय हा धागा अपुरा आहे. सुन यत्-सेन, चिनी प्रजासत्ताकाचा पहिला अध्यक्ष. क्वांगतुंग प्रांतातला, मातृभाषा कँटोनीजच्या घराण्यातली. 'यत्-सेन' हा जगभर चाललेला उच्चारही कँटोनीजच. १८९२ मध्ये हाँगकाँगच्या वैद्यकीय कॉलेजातून पास झाला.

याला लोक 'सुन ताय फाउ' म्हणत. सुन मोठी तोफ. कँटोनीजमध्ये 'मोठी तोफ' म्हणजे थापा, बाता, फेकाफेकी. राजवट उलथवणार, देश बदलणार, असं वर्षानुवर्षं बोलत हिंडायचा आणि त्याचे उठाव एकामागून एक फसायचे. १९१२ मध्ये अध्यक्षपद सोडलं तेव्हा रेल्वेचा कारभार त्याच्याकडे आला. म्हणाला, दहा वर्षांत दोन लाख ली, म्हणजे साधारण एक लाख किलोमीटर लोहमार्ग बांधतो. पुढच्याच वर्षी बिनसलं आणि त्याला जपानला पळावं लागलं. लोहमार्गाचं काय झालं असेल ते सांगायला नको.

गंमत पुढे आहे. चिनी परंपरेत जुनं वचन आहे की कळणं अवघड नाही, करणं अवघड आहे. १९१९ मध्ये या तोफेने ग्रंथ लिहून ते उलटं केलं. कळणं अवघड, करणं सोपं! दहा दाखले दिले आणि पहिला दाखला जेवणाचा. सगळे रोज जेवतात, स्वयंपाक करतात, पण अन्नाचं पुढे काय होतं ते कुणाला कळतं? मग पैसा, लेखन, घरबांधणी, जहाज, तटबंदी, कालवे, असं करत वीज आणि रसायनापर्यंत.

निवृत्त_ओव्हरसियर

म्हणजे ज्याला सगळे 'नुसतं बोलतो' म्हणत, त्याने सिद्धान्तच काढला की बोलणारा हाच खरा काम करणारा. वकील व्हायला हवं होतं.

बखरवाला

काका, पण पुढचं ऐका. चीनचे लोहमार्ग एक लाख किलोमीटरच्या पुढे गेले २०१३ साली. यांगत्से नदीवर घाटांच्या भागात बांध घालून वीज काढावी हेही त्याने १९१९ च्या सुमारास लिहून ठेवलं होतं, आणि त्या धरणाचं (थ्री गॉर्जेस) काम सुरू झालं १९९४ मध्ये. दहा वर्षांचं गणित नव्वदेक वर्षांनी चुकलं, पण नकाशा कुणीतरी काढला होता.

निवृत्त_ओव्हरसियर

नाही पटत. शंभर वर्षांनी कुणीतरी रूळ टाकले याचं श्रेय रूळ टाकणाऱ्याला. उद्या मी लिहून ठेवतो की चंद्रावर एसटी डेपो व्हावा. २१२५ मध्ये झाला तर मला हार घालणार का? धरणाची जागा कागदावर दाखवायला एक पेन्सिल लागते. मी सर्व्हेला गेलोय, त्या पेन्सिलच्या रेषेवर तीन गावं असतात.

बखरवाला

तीन गावांचं उत्तर माझ्याकडे नाही.

शब्दवेडी

मला तोफेनेच पकडलंय. मराठीत फर्ड्या वक्त्याला 'मुलुखमैदान तोफ' म्हणतात ते कौतुकाने. विजापूरची खरी तोफ, तिच्यावरून. तीच तोफ हाँगकाँगला नेली तर शिवी होते! आपल्याला वक्ता फार आवडतो, व्याख्यानमाला काय, वसंत काय शरद काय. व्याख्यान झालं की काम झालं असं आपण मनोमन धरतो. कँटोनीज माणूस व्यापारी, तो विचारत असणार की माल कधी उतरणार.

खवचट_काकू

शब्दवेडी, एका म्हणीवरून अख्ख्या जमातीचा स्वभाव काढू नका हो. 'पुणेकर असे, कोल्हापूरकर तसे' याच्या पुढे आपण कधी जाणार? हाँगकाँगवाले तासन्‌तास गप्पा छाटत नाहीत का? चहापेक्षा थुंकी जास्त हे त्यांनीच म्हटलंय.

शब्दवेडी

बरोबर. मागे घेते. (तोंड हलकं.)

कौलूनचा_कारकून

काकूंचं खरं आहे. इथे गप्पा मारण्याला 'छोय सोय' म्हणतात, म्हणजे पाणी फुंकणे, आणि ते सगळ्यांचं आवडतं काम आहे.

शब्दवेडीताईंसाठी आणखी एक रत्न. 'तक को कोंग ची'चा भाऊ आहे, 'तक को कत'. हाती काहीच आलं नाही, शून्य. पण 'कत' म्हणजे चक्क 'शुभ'! कारण असं की रिकाम्याला 'हुंग' म्हणतात आणि अशुभालाही उच्चार तोच. म्हणून रिकामं म्हणायचंच नाही, शुभ म्हणायचं. भाड्याने द्यायची रिकामी जागा असेल तर पाटी 'शुभ घर'.

शब्दवेडी

अहो हे तर आपलंच! दुकान 'वाढवतात', बांगडी 'वाढते', आणि निघताना 'येतो' म्हणायचं. 'जातो' म्हटलं की आजी पाठीत धपाटा घालायची. आणखी आहेत का असे?

कौलूनचा_कारकून

खूप. मुख्य म्हणजे आपल्या विषयाचंच एक. जिभेचा जुना शब्द 'सित', पण तो धंद्यात खोट येण्याच्या शब्दासारखा लागतो. म्हणून कसायाच्या दुकानात जीभ मागायची तर 'लेय' म्हणायचं, जो नफ्याच्या शब्दाशी जुळतो. जिभेने खोट येते हे यांना कसायाच्या दुकानात उभं राहूनसुद्धा ऐकवत नाही.

अर्धवटराव

सगळं ठीक. एसीचं काय झालं? मी त्यासाठीच रोज धागा उघडतोय.

कौलूनचा_कारकून

तेच सांगायचं टाळत होतो.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी फो-फोंनी खालच्या लोखंडी सामानाच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली आणि इमारतीच्या रखवालदाराला घेऊन एकेका घराची बेल वाजवली. ज्याने दार उघडलं त्याच्या एसीच्या तोंडाला नळी, तारेने आवळून, खिडकीच्या आतून मोरीत. चार घरं झाली. पाचवं माझं. मी ऑफिसात होतो. मग सगळ्या इमारतीत फक्त माझा एसी टपकत राहिला, त्यांच्या पत्र्यावर.

काल संध्याकाळी नळी आणून लावली. उतार आकृतीप्रमाणे दिला. पाणी उलटं माझ्याच खोलीत आलं, कारण आमच्या खिडकीची चौकट कललेली आहे आणि आकृतीत मी ती सरळ काढली होती. फो-फो वर आल्या, नळी दोन बोटं खाली ओढली, झालं.

सतारीचा_कान

घोडी सरकवली.

निवृत्त_ओव्हरसियर

आधी लेव्हल ट्यूब लावून बघायची असते राजे. पारदर्शक नळी हातात होतीच, तिच्यातच पाणी भरून लेव्हल कळली असती.

कौलूनचा_कारकून

काका, आता सांगताय!

तर नळी झाल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्या गावाकडे माझ्यासारख्याला काय म्हणतात. मी 'बोलाचीच कढी, बोलाचाच भात' सांगितलं. भात लगेच कळला. कढी म्हणजे काय, यावर अडलं. दह्याचं आंबट सार म्हटलं तर त्यांना पटेना, दही इथे गोड डब्यातलं. शेवटी म्हणाल्या, रविवारी आण, चाखून बघते. आता मला कढी करता येत नाही. आईला फोन केला तर ती म्हणते 'अंदाजाने'.

मराठवाडी_मिरची

'अंदाजाने' म्हणजे काय ते मी सांगते. साधं बिनसाखरेचं दही घ्या, रात्रभर बाहेर ठेवा म्हणजे आंबट होईल. दोन वाट्या दही, त्यात दोन चमचे बेसन आधी कोरड्या भांड्यात दह्याबरोबरच घोटा, गुठळी राहू देऊ नका. मग चार वाट्या पाणी. तुपात जिरं, कढीपत्ता, ठेचलेलं आलं, मिरची. हळद तुमच्या मर्जीवर.

खवचट_काकू

हळद मर्जीवर?? कढीत हळद नको. आणि सतत ढवळायचं, खळाखळा उकळू द्यायची नाही, नाहीतर फुटते. मीठ शेवटी.

मांडवीकाठ

थोडा गूळ. नाहीतर आजी म्हणतील हे औषध आहे.

निवृत्त_ओव्हरसियर

ताकाची करा, दह्याची नको.

कौलूनचा_कारकून

पहिली आत्ता फुटली. काकू, 'सतत' म्हणजे मधे प्रतिसाद टंकायलाही थांबायचं नाही का?

दही अजून एक डबा आहे. आलं संपलंय, खाली जाऊन आणतो.